कामावार घर लावताना: वन बीएचके आणि टू बीएचकेसाठी सविस्तर पद्धत

ज्या घरात ‘कात्री कुठंय?’ असं रोज ओरडून विचारलं जातं, त्या घरात कात्र्यांचा तुटवडा कधीच नसतो. तीन-चार असतात आणि सगळ्या एकाच खणात, पेनं-स्टेपलरच्या शेजारी. कात्री लागते मात्र ओट्यापाशी दुधाची पिशवी कापायला, दारापाशी पार्सल फोडायला आणि शिलाई मशीनपाशी दोरा तोडायला. वापरली की ती तिथेच राहते आणि आपण त्याला पसारा म्हणतो.

बहुतेक घरं जातवार लावलेली असतात. सगळे डबे एकीकडे, सगळ्या पिशव्या एकीकडे, सगळ्या वायरी एका खोक्यात. बघायला छान, पण एका कामासाठी तीन खोल्या फिराव्या लागतात. कामावार लावणीत एका कामाला लागणारं सगळं सामान, मग ते कुठल्याही जातीचं असो, त्या कामाच्या जागेपाशी हाताच्या अंतरावर ठेवायचं. चार कात्र्या असतील तर त्या चार जागी टांगायच्या. ती उधळपट्टी नव्हे. घरात आधीच चार आहेत, फक्त चुकीच्या जागी आहेत.

ठाणे-नवी मुंबईत याची गरज जास्त, कारण इथे खोलीला एकच काम नसतं. नौपाड्यातली जुनी इमारत असो, वाशी-नेरुळमधलं सिडकोचं घर असो की घोडबंदर रोडवरचा टॉवर, चारशे ते साडेसहाशे चौरस फूट कार्पेटमध्ये एकच हॉल सकाळी ऑफिस, दुपारी अभ्यासाची खोली, संध्याकाळी बैठक आणि रात्री पाहुण्यांची झोपायची जागा होतो. त्यामुळे प्रत्येक कामाला कोपरा मिळेलच असं नाही. काही कामांना एक खण पुरतो, काहींना नुसता ट्रे. काम फिरतं असेल तर सामानही फिरतं ठेवायचं.

पहिला आठवडा: काहीही हलवू नका

फक्त दोन गोष्टी टिपायच्या. एक, वस्तू कुठे साचतात. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, सोफ्याचा हात, फ्रिजचा माथा, वॉशिंग मशीनचं झाकण, बेडरूममधली खुर्ची: प्रत्येक घराचे असे चार-पाच अड्डे असतात. रोज रात्री त्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि आठवड्याअखेर सगळे एकापाठोपाठ बघा. फ्रिजच्या माथ्यावर रोज गोळ्यांची पट्टी आणि चष्मा दिसत असेल, तर घरात गोळ्या पाण्याजवळ, जेवणानंतर घेतल्या जातात. औषधांचा डबा बेडरूमच्या कपाटात ठेवून ती सवय बदलणार नाही. डबाच स्वयंपाकघराजवळ आणावा लागेल. (फ्रिजच्या माथ्यावर मात्र नको, तिथे ऊब असते.)

दुसरी टिपायची गोष्ट म्हणजे फेऱ्या. काम सुरू केल्यावर मध्येच कशासाठी उठावं लागलं, ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचं. ‘इस्त्री – पाण्याची बाटली’, ‘अभ्यास – शार्पनर’, ‘पोळ्या – तेल’. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारायचं. कुठलं भांडं कुठे जातं हे त्यांना रोज शोधावं लागतं, त्यामुळे त्यांची यादी बहुधा सगळ्यात लांब निघते.

कामांची यादी करा, खोल्यांची नको

साधारण घरात दहा ते चौदा कामं निघतात: चहा, पोळ्या, भाजी-आमटी, डबे भरणं, भांडी, बाहेर पडणं आणि परत येणं, कपडे धुण्यापासून इस्त्रीपर्यंत, पूजा, अभ्यास, लॅपटॉपवरचं काम, औषधं, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, पार्सल-रद्दी-कचरा. यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष करत असलेली गोष्ट हवी. ‘इतर’, ‘जनरल’, ‘लागेल तेव्हा’ ही कामं नाहीत. असा एकही कप्पा ठेवला की महिनाभरात घरातल्या निम्म्या वस्तू तिथे जाऊन बसतात.

जी कामं वर्षभरात एकदाही झाली नाहीत, ती वेगळी लिहा. केक भाजण्याचे साचे, क्रोशाचे दोरे, रंगपेट्या. फेकायला कुणी सांगत नाही, पण हाताशी असलेल्या जागेवर त्यांचा हक्क नाही. एकेक खोकं करून माळ्यावर.

जागा कशी ठरवायची

जागा ठरवताना आधी प्लग, नळ, उजेड आणि बसायची सोय बघायची. फर्निचर त्यानंतर. मायक्रोवेव्ह, इंडक्शन, ओव्हन यांना बहुधा १६ अँपिअरचा प्लग लागतो, म्हणून तो जिथे आहे तिथेच ती कामं होणार. हजार वॉटची इस्त्री साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालते, पण त्याच पट्टीवर मिक्सर आणि चार्जर जोडले की वायर तापते. शिवणकाम आणि अभ्यासाला खिडकी हवी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते.

जागा ठरली की कामाच्या ठिकाणी उभं राहून किंवा बसून हात लांब करा. रोज लागणारं सगळं पाय न हलवता मिळालं पाहिजे. आठवड्यातून एकदा लागणारं दोन-तीन पावलांवर चालेल. महिन्यातून एकदा लागणारं दुसऱ्या खोलीत गेलं तरी बिघडत नाही.

उंचीचं गणित बरेच जण करत नाहीत, म्हणून जरा तपशिलात. ओटा साधारण ३३ इंचांचा असतो आणि वरची कपाटं त्याच्यावर १८ ते २० इंच सोडून सुरू होतात. म्हणजे पहिली फळी जमिनीपासून जवळपास साडेचार फुटांवर, दुसरी साडेपाचवर, तिसरी साडेसहावर. पाच फूट उंचीच्या बाईची बोटं सरळ उभं राहिल्यावर सव्वासहा फुटांपर्यंत पोचतात आणि ओट्यावरून पुढे वाकावं लागत असल्याने त्यातलेही तीन-चार इंच जातात. थोडक्यात, तिसरी फळी तिच्यासाठी नाहीच. तिथे रोजचं काहीही ठेवू नका. आणि स्वयंपाक कुणाच्या उंचीने होतो हे बघून ठरवा, ट्रॉली बसवणाऱ्या सुताराच्या उंचीने नको.

जड वस्तू गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात. भरलेला दहा लिटरचा डबा डोक्यावरून उतरवणं हे खांद्याचं दुखणं विकत घेणं आहे.

स्वयंपाकघर: एकच खोली, पाच कामं

कामावार लावणीचा सगळ्यात जास्त फायदा इथे दिसतो. स्वयंपाकघर हे एक काम समजू नका. निदान पाच तरी आहेत.

*पोळ्या.* हे काम नीट जमलं की बाकीची चार कशी लावायची ते आपोआप कळतं. लागतं काय? कणकेचा डबा, चाळणी, परात, मीठ, पाण्याचं भांडं, तेलाची वाटी, पोळपाट, लाटणं, पिठी लावायची डबी, तवा, उलथनं किंवा चिमटा, तूप, पोळ्यांचा डबा, त्यात अंथरायचा सुती फडका. चौदा वस्तू. बऱ्याच घरांत त्या सहा-सात ठिकाणी असतात: कणीक धान्यांत, परात मोठ्या भांड्यांत, पोळपाट सिंकमागे उभा, लाटणं चमच्यांच्या ट्रॉलीत आडवं अडकलेलं, तवा ओव्हनमध्ये, फडका बाल्कनीतल्या दोरीवर. या सगळ्यांना शेगडीच्या एका बाजूचे, शक्यतो लाटणाऱ्या हाताच्या बाजूचे, दोन कप्पे द्या. खालच्या खोल ट्रॉलीत कणकेचा डबा आणि त्यावर उपडी परात. तिच्या वरच्या उथळ ट्रॉलीत लाटणं, चिमटा, पिठीची डबी, तुपाचं भांडं, चार घडी केलेले फडके. पोळपाट आणि तवा ट्रॉलीच्या कडेला उभे राहतील एवढी चार इंचांची फट ठेवायची. ओले ठेवायचे नाहीत, नाहीतर लाकडी पोळपाटाला पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते.

कणकेच्या डब्याचं माप इथेच सांगायला हवं. पाच किलो तांदूळ सहा-साडेसहा लिटरच्या डब्यात बसतात, पण पाच किलो कणकेला नऊ-दहा लिटर लागतात, कारण पीठ फुगीर असतं. ‘पाच किलोचा डबा’ म्हणून घेतलेल्यात दीड-दोन किलो कणीक उरते, ती पिशवीत क्लिप लावून दुसरीकडे जाते आणि तिथून पोरकिडे सुरू होतात. पोहे-कुरमुरे तर किलोत मोजूच नयेत.

*फोडणी आणि भाजी.* मिसळणाचा डबा, तेल, हिंग, मीठ, गूळ, गोडा मसाला, तिखट, झारा-डाव, रोजच्या दोन कढया, झाकण्या. मिसळणाचा डबा शेगडीशेजारी हवा, पण थेट शेगडीच्या वरच्या कपाटात नको. वाफेने मसाले गोळा होतात आणि उष्णतेने वास उडतो. जास्तीचे मसाले, दोन-दोन किलोचं तिखट, वर्षाची हळद हा साठा आहे. त्याबद्दल पुढे.

*चहा.* पातेली, गाळणं, सांडशी, साखर, चहा, आलं किसायची किसणी, कपबशा, बिस्किटांचा डबा. हे सगळं एका ट्रॉलीत किंवा एका फळीवर आणलं की पाहुणे आल्यावर घरातलं कुणीही चहा करू शकतं. साखरेचा दुसरा छोटा डबा लागेल, स्वयंपाकाच्या साखरेपेक्षा वेगळा. घ्या खुशाल.

*डबे भरणं.* ठाण्याहून किंवा वाशीहून सकाळची लोकल धरणाऱ्या घरात हे स्वतंत्र काम आहे आणि ते बहुधा घाईत, दोन माणसं एकमेकांना धडकत असताना होतं. डबे, त्यांची झाकणं, पाण्याच्या बाटल्या, काटे-चमचे, नॅपकिन, डब्याच्या पिशव्या, लोणच्याची छोटी बरणी. हे ओट्यावर नको. शेगडीपासून दूर, जमल्यास जेवणाच्या टेबलाजवळ किंवा फ्रिजच्या शेजारच्या कपाटात. म्हणजे पोळ्या करणारी व्यक्ती आणि डबा भरणारी व्यक्ती वेगवेगळ्या जागी उभ्या राहतात. झाकणं डब्यांवर लावूनच ठेवा. वेगळ्या टोपलीत ठेवलेली झाकणं दोन महिन्यांत अनाथ होतात, आणि बिनझाकणाचे डबे टाकवत नाहीत म्हणून जागा खात राहतात. खूण साधी: झाकण नाही तो डबा या कप्प्यात राहणार नाही.

*भांडी.* सिंकखाली घासणी, साबण, हातमोजे, पुसायचे फडके. निथळायची जाळी सिंकच्या उजवीकडे की डावीकडे, हे मावशींना विचारून ठरवा. घासलेली भांडी परत लावणारा माणूस आकारावरून लावतो, कामावरून नाही. चहाचं पातेलं मोठ्या पातेल्यात जाऊन बसतं, ते यामुळे. यावर उपाय म्हणजे कप्प्याच्या आतल्या कडेला चिकटपट्टीवर ठळक मराठीत ‘चहा’, ‘पोळ्या’, ‘डबे’. वाचता येत नसेल तर त्या वस्तूचा छोटा फोटो. दाराच्या बाहेर लेबलं लावायची गरज नाही. दार उघडणाऱ्यालाच ती दिसायला हवीत.

वापर वेगळा, साठा वेगळा

कामावार लावणी फसते ती बहुतेक वेळा इथे. काम करायला आठ-दहा दिवसांचं सामान पुरतं. बाकीचं साठा असतं आणि साठा मात्र जातवारच ठेवायचा: सगळी धान्यं एकत्र, सगळे साबण एकत्र, सगळे बल्ब एकत्र. तसं केल्यानेच काय संपत आलंय ते एका नजरेत कळतं. तुर्भ्याच्या एपीएमसी या घाऊक बाजारातून उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरणारी घरं नवी मुंबईत अजून आहेत. तीस किलो तांदूळ ओट्याखाली ठेवले तर पोळ्यांच्या कप्प्याला जागाच उरत नाही. कोठी बेडरूमच्या बेडमध्ये किंवा पॅसेजमध्ये, आणि दर रविवारी कोठीतून कामाच्या डब्यात भरणं हे एक छोटं, ठरलेलं काम. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून, उन्हात वाळवून मगच कोठीत भरावं, हे जुन्या बायकांचं सांगणं इथल्या दमट हवेत अजूनही खरं आहे.

ड्राय बाल्कनीत धान्य ठेवू नका. तिथे वॉशिंग मशीन असतं, ओलावा असतो, आणि पावसाच्या सरी जाळीतून आत येतात.

दारापाशी: बाहेर पडणं आणि परत येणं

दाराच्या आतल्या बाजूला दोन फूट लांबीची मोकळी भिंत मिळाली तरी पुरते. चावीचे हुक छातीच्या उंचीवर, प्रत्येकाला एक. त्याखाली हातभर लांबीची फळी: पाकीट, रेल्वेचा पास, ऑफिसचं ओळखपत्र, इअरफोन, चष्मा. एक कात्री दोऱ्याने हुकाला बांधलेली, पार्सलांसाठी, आणि एक पेन. वीज गेल्यावर पहिल्यांदा सुचते ती जागा हीच, म्हणून टॉर्चही इथेच.

चपलांच्या स्टँडमध्ये प्रत्येक माणसाच्या दोन जोड्या ठेवायच्या, रोजची आणि त्या ऋतूची. लग्नाच्या सँडल, जुने स्पोर्ट्‌स शूज खोक्यात घालून कपाटाखाली. ज्या सोसायट्या जिन्यात स्टँड ठेवू देत नाहीत तिथे सात-आठ इंच खोलीचं, वरून उघडणारं उभं स्टँड बसतं. नेहमीच्या स्टँडला बारा-तेरा इंच लागतात आणि दार अर्धवटच उघडतं.

जून ते सप्टेंबर ही जागा बदलते. छत्र्या आणि रेनकोट टांगायला दाराबाहेर किंवा बाथरूमच्या दारामागे हुक, खाली पाणी झेलायला प्लास्टिकचा ट्रे, पाय पुसायला जुना टॉवेल, बुटांत भरायला रद्दीचे तुकडे. ओली छत्री मिटून कोपऱ्यात उभी केली की दोन गोष्टी होतात: काड्या गंजतात आणि भिंतीचा रंग फुगतो. उघडून सुकवायला जागा नसेल तर बाथरूमच्या नळाला उलटी टांगा.

कपडे: चार टप्प्यांची साखळी

मळके, धुतलेले, वाळलेले, इस्त्रीचे. कपडे साचतात ते टप्प्यांमध्ये, कप्प्यांमध्ये नाही. बेडरूममधल्या खुर्चीवरचा ढीग बघा: त्यात तिसऱ्या टप्प्यातले वाळलेले कपडे असतील, किंवा एकदाच घातलेली पँट, जी मळकीही नाही आणि कपाटात परतही जात नाही. वाळलेल्या कपड्यांसाठी घडी घालायची ठरलेली सपाट जागा हवी, बहुधा बेडच. एकदाच घातलेल्यांसाठी कपाटाच्या दाराच्या आत तीन-चार हुक. एवढ्याने खुर्ची मोकळी होते.

मशीनपाशी काय हवं: पावडर, मोजमापाचा कप, ब्रश, नाजूक कपड्यांच्या जाळीच्या पिशव्या, खिशातून निघालेली नाणी-तिकिटं टाकायला वाटी. क्लिपा दोरीपाशीच, दोरीलाच टांगलेल्या पिशवीत. इस्त्रीपाशी: चादर, पाण्याची फवारणी बाटली, सुई-दोरा आणि बटणांची डबी, कारण तुटलेलं बटण दिसतं ते इस्त्री करतानाच. कपडे खाली इस्त्रीवाल्याकडे जात असतील तर दारापाशी एक वेगळी पिशवी आणि तिच्यात कपडे मोजून लिहायची छोटी वही.

छोटी कामं, थोडक्यात

पूजा: तेल, वाती, काडेपेटी, उदबत्ती, कापूर, हळद-कुंकू, ताम्हन-पळी, एक सुती कपडा. देव्हाऱ्याखालच्या खणात. कापूर आणि तेलाची बाटली समईच्या अगदी जवळ नको, आणि काडेपेटी लहान मुलाच्या हाताबाहेर.

अभ्यास: मुलं हॉलमध्ये, बेडवर, ओट्याशेजारी अशी फिरत अभ्यास करत असतील तर टेबलावर पैसे घालू नका. हँडलचा एक ट्रे किंवा उथळ टोपली: पेन्सिली, शार्पनर, रबर, पट्टी, डिंक, कात्री. पुस्तकं विषयवार नकोत, उद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वेगळी काढलेली.

दुरुस्ती: पाना, पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, टेफ्लॉन टेप, काळी इन्शुलेशन टेप, हुक, खिळे. टूलबॉक्स म्हणून जुना, झाकण लागणारा डबा चालतो. नळ गळायला लागल्यावर टेफ्लॉन टेप मिळाली पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा.

कचरा: ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार २०१६ च्या घनकचरा नियमांतही वेगळे सांगितले होते. ओला सिंकपाशी, सुका ड्राय बाल्कनीत. घातक म्हणजे जुने सेल, फुटलेले बल्ब, मुदत संपलेली औषधं: यांना झाकणाचा छोटा डबा, तोही उंचावर.

साफसफाईचं सामान एका बादलीत एकत्र ठेवायची पद्धत चांगली आहे, एक अपवाद सोडून. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिडचं टॉयलेट क्लीनर एका बादलीत ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

ज्या वस्तू कामाप्रमाणे ठेवायच्या नाहीत

रोजच्या गोळ्या पाण्याजवळ ठीक. बाकीची औषधं मात्र शेगडीपासून आणि बाथरूमपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर. इन्शुलिनसारखं २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार उघडलं की तिथलं तापमान सगळ्यात आधी चढतं. मधल्या फळीवर, डब्यात, आणि फ्रीझरला चिकटून नाही.

कागदपत्रंही अपवाद. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सिडकोच्या घरांचं वाटपपत्र आणि हस्तांतराचे कागद, मालमत्ता कराच्या पावत्या: एकच फाइल, एकच कुलूप, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना माहीत. चालू महिन्याची बिलं, शाळेची पत्रकं, वॉरंटी कार्ड यांची फाइल वेगळी, लॅपटॉपच्या कामापाशी.

प्रत्यक्ष लावणी

एका दिवसात सगळं घर उपसू नका. एक काम, दोन-तीन तास, हे प्रमाण ठेवा. सुरुवात पोळ्यांनी किंवा दारापासून करा, कारण फरक दुसऱ्याच दिवशी जाणवतो.

१. वाण्याकडून रिकामी खोकी आणा. एकावर कामाचं नाव लिहा.
२. घरभर फिरून त्या कामाचं सगळं त्यात गोळा करा. इतर काही सापडलं तर तिथेच राहू द्या.
३. खोक्यातलं जमिनीवर मांडा. एकाच कामाला तीन गाळणी, पाच झारे असतील तर हाताला सवयीचे दोन ठेवा.
४. दोन कामांना लागणारी वस्तू कुठे जाणार? ती स्वस्त असेल (कात्री, चमचा, फडका, चिकटपट्टी) तर दोन्हीकडे एकेक. महाग किंवा मोठी असेल तर जिथे घाई जास्त असते तिकडे.
५. ठरलेला कप्पा रिकामा करून पुसा, आणि वस्तू खोक्यांचे तुकडे, चपलांचे डबे, जुने ट्रे यांत मांडा. अजून काहीही विकत घ्यायचं नाही.
६. दोन आठवडे वापरा. रोज जे हातात येतं ते आपोआप पुढे सरकतं. मागे राहिलेलं बहुधा साठ्यातलं असतं.
७. मग टेप घेऊन मोजा आणि टोपल्या आणा.

मोजताना कपाटाची बाहेरची रुंदी मोजू नका. आतली मोजा, आणि दार उघडल्यावर बिजागरीमुळे तोंडाशी जी इंच-दीड इंच जागा कमी होते ती वजा करा. जांभळी नाक्याच्या दुकानांतून हौसेने आणलेल्या टोपल्या आत बसतात, पण दाराला अडून बाहेर ओढता येत नाहीत, ते या इंचामुळे. उंचीत वर तीन बोटं मोकळी हवीत, नाहीतर वस्तू काढायला पूर्ण टोपली बाहेर ओढावी लागते. गोल डब्यांपेक्षा चौकोनी बरे. गोल डब्यांच्या मधल्या फटी उपयोगाच्या नसतात.

खोल कपाटात एकामागे एक दोन रांगा लावायच्याच असतील तर मागची रांग साठ्याची, पुढची वापराची. दोन्ही रांगा वापराच्या असतील तर मागची कुणी काढत नाही.

पावसाळ्यापूर्वी

इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बाहेरच्या भिंती ओल धरतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट दोन इंच पुढे ओढा. कामावार लावताना पुस्तकं, चामड्याचे पट्टे, पर्स, जरीच्या साड्या यांना आतल्या भिंतीचं कपाट द्या. गाद्यांखालच्या बॉक्समधले ब्लँकेट मे महिन्यात ऊन दाखवून मगच बंद करा. ओलावा शोषणारे डबे ठेवलेत तर ते उभेच राहतील असे ठेवा. त्यांत साचलेलं पाणी खारट असतं, चामड्यावर किंवा लोखंडी बिजागऱ्यांवर सांडलं तर नुकसान करतं. डांबरगोळ्या धान्याच्या आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांच्या जवळपास नकोत.

माळा: सणावार खोकी

माळ्यावर बहुतेकांकडे ‘डेकोरेशन’ नावाची तीन खोकी असतात आणि गणपतीच्या आदल्या रात्री तिन्ही उतरवावी लागतात. सण हेसुद्धा एक काम आहे, म्हणून एका सणाचं सगळं एका खोक्यात. गणपतीचं: मखराचे सुटे भाग, पडद्यांची कापडं, दिव्यांच्या माळा, एक्स्टेंशन बोर्ड, आरतीची पुस्तकं, मोठं ताम्हन, पाटावरचं वस्त्र, दोऱ्या, कात्री. दिवाळीचं: आकाशकंदील आणि त्याची वायर, पणत्या, रांगोळीचे रंग, आणि सोऱ्या त्याच्या सगळ्या जाळ्यांसकट. सोऱ्या स्वयंपाकघरात ठेवला की चकलीची जाळी हमखास दुसरीकडे जाते. जाळ्या एका पिशवीत घालून सोऱ्यालाच बांधा.

खोक्याचं वजन दहा-बारा किलोंच्या वर जाऊ देऊ नका. स्टुलावर उभं राहून एका माणसाला ते उतरवता आलं पाहिजे. सिडकोच्या जुन्या घरांतल्या काँक्रीटच्या माळ्यावर जड सामान चालतं, प्लायवूडच्या माळ्यावर पुस्तकांची खोकी एका जागी रचू नका. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर खोक्यांखाली विटा किंवा लाकडी पट्ट्या ठेवा आणि वर प्लास्टिक टाका, कारण गळती सुरू झाल्याचं माळ्यावर उशिरा कळतं.

प्रत्येक खोक्याच्या समोरच्या बाजूला सणाचं नाव आणि आत एक कागद: काय संपलं, काय तुटलं, पुढच्या वर्षी काय आणायचं. हा कागद सण आवरतानाच लिहायचा. खोकं चढवल्यावर कुणी लिहीत नाही.